स्वतःच्याच पैशाने परदेशात गुंतवणूक करायला सरकारची परवानगी कशासाठी?

प्रश्न असा आहे. पुण्याजवळ यंत्रांचे सुटे भाग बनवणारी एक कौटुंबिक कंपनी पोलंडमधल्या एका लहान कारखान्यात भागभांडवल घेऊ इच्छिते. पैसा कंपनीचा स्वतःचा आहे, त्यावर कर भरून झाला आहे, कोणत्याही बँकेचे देणे थकलेले नाही. तरीही बँक फॉर्म, मूल्यांकनाचा अहवाल आणि लेखापरीक्षकाचे प्रमाणपत्र मागते आणि पुढे दरवर्षी अहवाल द्यावा लागेल असेही बजावते. प्रश्नकर्त्याला दोन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत : सरकारला हा अधिकार आला कुठून, आणि हा जाच फक्त आपल्याच देशात आहे का.

परकीय चलनाच्या कायद्यांत मी सनदी लेखापाल म्हणून तीसहून अधिक वर्षे काम करतो आहे आणि पहिला प्रश्न मला दर वर्षी कोणी ना कोणी विचारतो. दुसरा मात्र क्वचितच कोणी विचारतो. खरे तर दुसऱ्याचे उत्तर आधी समजले, तर पहिल्याचे आपोआप उलगडते.

खुल्या बाजाराचे माहेरघर समजल्या जाणाऱ्या अमेरिकेने आपल्याच बहुराष्ट्रीय कंपन्यांना परदेशी गुंतवणुकीसाठी सहा वर्षे परवान्याच्या चौकटीत जखडून ठेवले होते. १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून अमेरिकेतून बाहेर जाणारे डॉलर आत येणाऱ्या डॉलरपेक्षा जास्त होऊ लागले. त्या काळात परदेशी मध्यवर्ती बँकांना आपल्याकडचे डॉलर एका औंसाला ३५ डॉलर या दराने देऊन अमेरिकेकडून सोने घेण्याचा हक्क होता, म्हणून बाहेर गेलेला प्रत्येक डॉलर म्हणजे अमेरिकेच्या सोन्यावरचा एक संभाव्य दावा होता. राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी जुलै १९६३ मध्ये परदेशी रोखे विकत घेणाऱ्या अमेरिकनांवर कर सुचवला. कायदा पुढच्या वर्षी झाला, पण लागू मात्र सुचवल्या दिवसापासूनच केला गेला. त्या कराने रोख्यांना लगाम घातला, परदेशात कारखाने उभारणाऱ्या कंपन्यांना मात्र वगळले होते. १९६५ मध्ये जॉन्सन सरकारने या कंपन्यांना 'स्वेच्छेने' हात आखडता घेण्याची विनंती केली. सरकारच्या तोंडी 'स्वेच्छा' हा शब्द आला की पुढे सक्ती येणार, हे कोणत्याही देशातला जाणकार सल्लागार ओळखतो. इथेही तसेच झाले.

१ जानेवारी १९६८ रोजी, नववर्षाच्या सुटीच्या दिवशी, टेक्सासमधल्या आपल्या शेतावरून जॉन्सन यांनी सक्तीचा कार्यक्रम जाहीर केला. वाणिज्य खात्यात थेट परदेशी गुंतवणुकीसाठी एक स्वतंत्र कार्यालय उघडण्यात आले. जगाची तीन याद्यांत विभागणी झाली. विकसनशील देशांत १९६५-६६ च्या सरासरीच्या ११० टक्के गुंतवणूक चालणार होती. ब्रिटन, जपान, ऑस्ट्रेलिया आणि तेल उत्पादक देशांत ६५ टक्के. आणि पश्चिम युरोपच्या मुख्य भूमीवर अमेरिकेतून नवे भांडवल नेणे जवळपास बंद करून तिथल्याच नफ्याची मर्यादित पुनर्गुंतवणूक तेवढी ३५ टक्क्यांपर्यंत मान्य होती. शिवाय नफ्याचा ठराविक भाग मायदेशी आणणे बंधनकारक झाले. थेट गुंतवणुकीच्या या एका कलमातून वर्षाला १०० कोटी डॉलर वाचवण्याचे उद्दिष्ट होते.

या आदेशाचा कायदेशीर पाया मला फार बोलका वाटतो. तो १९१७ च्या, शत्रूशी व्यापार रोखण्यासाठी पहिल्या महायुद्धात केलेल्या कायद्यावर उभा होता, आणि त्यासाठी लागणारी 'राष्ट्रीय आणीबाणी' म्हणून तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी डिसेंबर १९५० मध्ये कोरियन युद्धाच्या निमित्ताने पुकारलेली, सतरा वर्षे न उठवलेली आणीबाणी वापरली गेली. म्हणजे पॅरिसजवळ कारखाना वाढवू पाहणाऱ्या डेट्रॉईटच्या मोटार कंपनीवर युद्धकाळातल्या शत्रूसाठीचे कलम लागू झाले. युद्धासाठी बनवलेले हत्यार शांततेच्या काळात म्यान होत नाही, ही गोष्ट आपल्या कायद्यालाही तितकीच लागू आहे.

कंपन्यांनी काय केले? त्यांनी गुंतवणूक फारशी थांबवली नाही, फक्त पैसा दुसरीकडून आणला. बंधन अमेरिकेतून जाणाऱ्या डॉलरवर होते, अमेरिकेबाहेर आधीच साठलेल्या डॉलरवर नव्हते. तेव्हा कंपन्यांनी लक्झेंबर्ग आणि अन्य ठिकाणी वित्तपुरवठ्यापुरत्या उपकंपन्या काढल्या आणि लंडनच्या बाजारात डॉलरचेच रोखे विकून युरोपातले कारखाने उभारले. लंडनचा युरोडॉलर बाजार, म्हणजे अमेरिकेबाहेर साठलेल्या डॉलरचा बाजार, इतका फोफावला त्यात वॉशिंग्टनच्या या नियमांचा वाटा मोठा आहे. जानेवारी १९७४ मध्ये हा कार्यक्रम गुंडाळला गेला. तोपर्यंत डॉलरचा सोन्याशी असलेला संबंध तुटला होता आणि राखण्यासारखे काही उरले नव्हते.

ब्रिटनची कथा याहून लांब आहे. १९३९ मध्ये युद्धाबरोबर आलेले चलन नियंत्रण १९४७ च्या कायद्याने कायम झाले, आणि मार्गारेट थॅचर यांचे अर्थमंत्री जेफ्री हाऊ यांनी २३ ऑक्टोबर १९७९ रोजी ते उठवीपर्यंत चाळीस वर्षे टिकले. उत्तर समुद्रातल्या तेलाने पौंड बळकट झाला होता, म्हणून ते धाडस परवडले. चीनने याच्या नेमके उलटे केले. २०१४ मध्ये जवळपास चार लाख कोटी डॉलरवर गेलेली त्याची परकीय चलनाची गंगाजळी २०१७ च्या सुरुवातीला तीन लाख कोटींपर्यंत घसरली, तेव्हा परदेशात हॉटेले, चित्रपटगृहे आणि फुटबॉल क्लब विकत घेणाऱ्या चिनी कंपन्यांना त्याच वर्षी लगाम घालण्यात आला.

आता पहिला प्रश्न. १९४४ मध्ये ब्रेटन वुड्समध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचा करार झाला, तेव्हाच सदस्य देशांना भांडवलाच्या हालचालींवर नियंत्रण ठेवण्याचा हक्क त्यात लिहिला गेला आणि तो आजही आहे. व्यापाराच्या देण्याघेण्यावर अडथळे घालू नयेत असे करार सांगतो. भांडवलाबद्दल तसे सांगत नाही. आपल्या १९९९ च्या परकीय चलन व्यवस्थापन कायद्याची, म्हणजे 'फेमा'ची रचना याच भेदावर आहे. चालू खात्यावरचा व्यवहार, म्हणजे मालाचे आणि सेवांचे नेहमीचे देणेघेणे, मनाई नसेल तर खुला असतो, तर भांडवली खात्यावरचा व्यवहार, म्हणजे परदेशातली मालमत्ता किंवा देणे वाढवणारा, परवानगी असेल तरच करता येतो. पोलंडमधून यंत्र आयात करणे चालू खात्यात येते, तिथल्या कारखान्याचे भागभांडवल घेणे भांडवली खात्यात. दोन्ही वेळी रक्कम तितकीच आणि बँकही तीच, पण कायद्याच्या लेखी ती दोन वेगळी जगे आहेत.

यामागचा विचार साधा आहे. तुमच्या खात्यातला रुपया तुमचाच आहे आणि देशात तो कुठे घालावा याबद्दल हा कायदा एक शब्दही बोलत नाही. पण पोलंडच्या विक्रेत्याला रुपया नको असतो. त्याला लागणारे परकीय चलन कोणीतरी निर्यात करून, कोणीतरी आखाती देशात राबून घरी पैसे पाठवून, किंवा देशाने कर्ज काढून आणलेले असते, आणि टंचाईच्या दिवसांत त्याच चलनावर तेल, खते आणि औषधे यांचाही दावा असतो. नियंत्रण आहे ते या चलनावर. म्हणूनच परदेशी गुंतवणुकीच्या मर्यादेचा इतिहास वाचताना मी कंपन्यांच्या कर्तबगारीपेक्षा देशाच्या गंगाजळीचा आलेख शेजारी ठेवतो. आलेख वर जातो तशी मर्यादा सैल होते, आणि गंगाजळी घसरली की दोरी ओढली जाते.

भारतात चलन नियंत्रण ३ सप्टेंबर १९३९ रोजी, ब्रिटन महायुद्धात उतरले त्याच दिवशी, भारत संरक्षण नियमांखाली आले. युद्ध संपल्यावर ते उठवण्याऐवजी १९४७ चा परकीय चलन नियमन कायदा, म्हणजे पहिला 'फेरा', करण्यात आला आणि दुसऱ्या पंचवार्षिक योजनेत परकीय चलनाचा दुष्काळ पडल्यावर १९५७ मध्ये त्याला कायमस्वरूप मिळाले. अशा दिवसांतही बिर्ला समूहाने १९६० च्या आसपास इथिओपियात कापड गिरणी काढली. भारतीय कंपन्यांच्या परदेशी संयुक्त प्रकल्पांची गणती सहसा तिथून सुरू होते.

सरकारचे पहिले सविस्तर धोरण १९६९ चे, आणि ते आजच्या वाचकाला नवलाचे वाटेल. भारतीय कंपनीने परदेशात अल्पमताचाच हिस्सा घ्यावा आणि तोही रोखीने नव्हे, तर भारतात बनलेली नवी यंत्रसामग्री आणि तांत्रिक ज्ञान पाठवून, अशी अट होती. म्हणजे लुधियानात किंवा कोईमतूरला बनलेले चाते-माग जहाजात चढवायचे, त्यांची किंमत हेच तुमचे भागभांडवल समजायचे आणि पुढे लाभांशाच्या रूपाने परकीय चलन घरी आणायचे. एकही डॉलर बाहेर न जाता गुंतवणूक आणि निर्यात दोन्ही साधायची. कागदावर ही कल्पना नामी आहे. व्यवहारात यंत्राची किंमत कोणी ठरवायची, हा प्रश्न लगेच उभा राहतो : पाठवणाऱ्याला ती फुगवून सांगण्यात रस, परदेशी भागीदाराला ती पाडून मागण्यात रस. शिवाय अल्पमतात असल्याने कारभारावर हुकमत नाही आणि खेळते भांडवल कमी पडले तर ते पाठवायलाही नव्याने दिल्लीचे दार ठोठवायचे. मंजूर झालेले पुष्कळ प्रकल्प कागदावरच राहिले, याचे मला आश्चर्य वाटत नाही.

तरीही काहींनी याच चौकटीत मोठा पसारा उभारला. आदित्य बिर्लांनी १९६९ मध्ये थायलंडमध्ये सूतगिरणी काढली आणि नंतर इंडोनेशिया, फिलिपाइन्स आणि मलेशियात विस्तार केला. त्यांच्या बाहेर जाण्यामागे देशातले औद्योगिक परवाने आणि त्याच वर्षीचा मक्तेदारीविरोधी कायदा होता, हे विसरू नये. घरात वाढायला मनाई आणि बाहेर जायला अटी, अशी ती कोंडी होती. १९७३ चा दुसरा 'फेरा' १ जानेवारी १९७४ पासून लागू झाला. लोकांना त्याचे कलम २९ आठवते, कारण परदेशी कंपन्यांचा हिस्सा ४० टक्क्यांवर आणण्याच्या त्या कलमापायी कोका-कोला आणि आयबीएम इथून गेल्या. आपल्या विषयाचे कलम मात्र २७ होते : भारतातल्या व्यक्तीने केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय परदेशी उद्योगात भाग घेऊ नये. हा कायदा फौजदारी होता, आणि आरोपीच्या मनात गुन्ह्याचा हेतू होता असे गृहीत धरून, तो नव्हता हे सिद्ध करण्याचा भार त्याच्यावरच टाकणारी तरतूद त्यात होती. जुन्या पिढीतले उद्योजक परकीय चलन हा शब्द आजही आवाज खाली आणून उच्चारतात, त्याचे मूळ इथे आहे.

१९९१ मध्ये गंगाजळी जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरती उरली आणि जुलैत सुमारे ४७ टन सोने परदेशात तारण ठेवावे लागले. त्यानंतर अवघ्या सव्वा वर्षात, ऑक्टोबर १९९२ मध्ये, परदेशी गुंतवणुकीला पहिल्यांदा आपोआप मंजुरीचा मार्ग मिळाला. मर्यादा होती २० लाख डॉलर, आणि त्यात रोख फक्त ५ लाख. यंत्रे पाठवण्याची जुनी सवय अजून सुटली नव्हती. १९९५ मध्ये हे काम वाणिज्य मंत्रालयाकडून रिझर्व्ह बँकेकडे आले आणि जलद मंजुरीची मर्यादा ४० लाख डॉलर झाली. माझ्या मते त्या वर्षीचा महत्त्वाचा बदल आकड्यात नव्हता, तर दिल्लीच्या मंत्रालयातली फाईल मुंबईच्या मध्यवर्ती बँकेत आली यात होता. मंत्रालय विचारत असे, 'हा प्रकल्प देशाला हवा आहे का?' बँक विचारू लागली, 'आकडा मर्यादेत आहे का?' दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर एका दुपारी देता येते.

भांडवली खाते पूर्ण खुले करण्याचा आराखडा एस. एस. तारापोर यांच्या समितीने १९९७ च्या मध्याला दिला आणि काही आठवड्यांतच, २ जुलै १९९७ रोजी, थायलंडचे बाट हे चलन कोसळले. आग्नेय आशियातली पडझड पाहून तो आराखडा बाजूला ठेवला गेला. ज्यांनी त्या वेळी सरकारला भित्रे म्हटले, त्यांत मीही होतो. आज तसे म्हणणार नाही.

त्यानंतरची दहा वर्षे मात्र भराभर गेली. १ जून २००० पासून 'फेमा' आला आणि गुन्हेगारीची भाषा जाऊन दंडाची भाषा आली. मर्यादा ५ कोटी डॉलर, मग २००२ मध्ये १० कोटी डॉलर झाली. २००४ मध्ये डॉलरचा आकडाच सोडून देण्यात आला आणि कंपनीच्या नक्त मूल्याच्या, म्हणजे देणी वजा जाता उरणाऱ्या नेटवर्थच्या, १०० टक्के असे माप आले. २००५ मध्ये २०० आणि २००७ मध्ये आधी ३०० मग ४०० टक्के. त्याच २००४ साली पुण्याच्या भारत फोर्जने जर्मनीतली कार्ल डान पेडिंगहाउस विकत घेतली, आणि २००७ मध्ये टाटा स्टीलने सुमारे १,२०० कोटी डॉलरला कोरस ही ब्रिटिश-डच पोलाद कंपनी घेतली. कोरसचा व्यवहार बघताना १९६८ चे लंडन आठवते. रकमेचा मोठा भाग परदेशात काढलेल्या उपकंपन्यांनी परदेशातच कर्ज म्हणून उभा केला होता. सन २००० मध्ये टाटा टीने २७ कोटी १० लाख पौंडांना टेटली ही ब्रिटिश चहा कंपनी घेतली, तेव्हाही हाच मार्ग होता. घरच्या चलनावर बंधन असले की कर्ज बाहेर काढायचे, ही युक्ती डेट्रॉईटची काय आणि जमशेदपूरची काय, एकच आहे. फरक एवढाच की आपल्या नियमांनी मूळ कंपनीने दिलेली हमीसुद्धा मर्यादेत मोजली, म्हणजे ही पळवाट त्यांनी पूर्ण मोकळी सोडली नाही.

आणि मग १४ ऑगस्ट २०१३. अमेरिकेची मध्यवर्ती बँक रोखेखरेदी कमी करणार, या नुसत्या चर्चेने रुपया घसरत होता. स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या संध्याकाळी रिझर्व्ह बँकेने ४०० टक्क्यांची मर्यादा थेट १०० टक्क्यांवर आणली. आधी झालेल्या गुंतवणुकींना धक्का नव्हता, नव्या प्रस्तावांना होता. माझ्या एका पक्षकाराची युरोपातली खरेदी सहीच्या उंबरठ्यावर होती. पंधरा ऑगस्टची सुटी आम्ही ताळेबंद पुढ्यात घेऊन घालवली आणि सोळा तारखेला सकाळी बँकेच्या दारात उभे राहिलो. त्याच दिवशी सेन्सेक्स सातशेहून अधिक अंकांनी कोसळला. हिशेब १०० टक्क्यांत बसत नव्हता. शेवटी त्यांनी हिस्सा निम्म्यावर आणला आणि उरलेला विकत घेण्याचा हक्क करारात राखून ठेवला. ४ सप्टेंबरला रघुराम राजन यांनी रिझर्व्ह बँकेची सूत्रे घेतली त्याच दिवशी, परदेशी कर्जातून होणाऱ्या गुंतवणुकीपुरती जुनी मर्यादा परत देण्यात आली. यातही लक्ष चलन कुठून येते यावरच होते. रुपया सावरल्यावर जुलै २०१४ मध्ये ४०० टक्के सर्वांना परत मिळाले, मात्र एका आर्थिक वर्षात १०० कोटी डॉलरच्या वर जायचे असेल तर रिझर्व्ह बँकेची आधी परवानगी, अशी कडी लावून. माझ्या पक्षकारांना मी तेव्हापासून सांगतो की परदेशी खरेदीच्या करारात भारतीय नियम बदलले तर काय, याचे कलम घातल्याशिवाय सही करू नका.

सध्या लागू असलेले नियम २२ ऑगस्ट २०२२ चे आहेत आणि त्यांत रोख बदललेला दिसतो. गंगाजळीची धास्ती कमी झाली आहे. आता शासनाला जाणून घ्यायचे आहे की पैसा गेला कुठे आणि फिरून इथेच तर आला नाही ना. परदेशातल्या कंपनीची भारतात गुंतवणूक असेल आणि त्यामुळे उपकंपन्यांचे दोनपेक्षा जास्त थर होणार असतील, तर असा व्यवहार चालत नाही. ज्याचे खाते थकीत आहे किंवा ज्याची तपासयंत्रणांकडून चौकशी चालू आहे, त्याने संबंधित बँकेचा किंवा यंत्रणेचा ना-हरकत दाखला आणायचा. साठ दिवसांत उत्तर आले नाही तर हरकत नाही असे मानले जाते. परदेशात जागाजमिनीच्या खरेदी-विक्रीचा धंदा करायला मनाई आहे.

अमेरिकेतही हाच बदल दिसतो. २ जानेवारी २०२५ पासून अमेरिकी कंपन्यांच्या चीनमधल्या, अर्धवाहक (सेमीकंडक्टर), क्वांटम आणि कृत्रिम बुद्धिमत्ता या तीन क्षेत्रांतल्या काही गुंतवणुकींवर बंदी आणि काहींवर कळवण्याची सक्ती आली आहे. तिचा पाया १९७७ च्या आणीबाणीच्या आर्थिक अधिकारांच्या कायद्यात आहे, आणि तो कायदा १९१७ च्या त्याच जुन्या कायद्याच्या शांतताकाळातल्या वापराला आवर घालण्यासाठी झाला होता. १९६८ मध्ये डॉलर बाहेर जाईल ही भीती होती. आता डॉलरबरोबर तंत्रज्ञान जाईल ही आहे.

तुमच्या पोलंडच्या व्यवहारापुरते सांगायचे तर तो आपोआप मंजुरीच्या मार्गात बसतो आणि रिझर्व्ह बँकेकडे अर्ज करण्याची गरज नाही. बँक मागते ती कागदपत्रे द्या, आणि या व्यवहाराचा विशिष्ट ओळख क्रमांक हातात पडण्याआधी एक युरोही पाठवू नका, कारण क्रम चुकला तर पुढे दुरुस्तीला महिने जातात. समभाग मिळाल्याचा पुरावा सहा महिन्यांत बँकेत द्यायचा आणि कामगिरीचा वार्षिक अहवाल दर ३१ डिसेंबरपर्यंत. उशीर झाला तर विलंब शुल्क आहे आणि अहवाल थकले तर पुढचे पैसे पाठवता येत नाहीत. आणि सहीपूर्वी त्या पोलिश कारखान्याला एक प्रश्न लेखी विचारून घ्या : त्यांचे किंवा त्यांच्या एखाद्या उपकंपनीचे भारतात कुठे भागभांडवल आहे का? असेल, तर थरांच्या हिशेबाला नव्याने बसावे लागेल.